४७०२चा बंधारा, २७०२च्या फळ्या

डिसेंबर उजाडला की गोव्यात सत्तरी, सांगे किंवा धारबांदोड्याच्या बाजूला एखाद्या ओहोळावरचा बंधारा बघून या. खांब उभे, खोबणी शाबूत, काठावर उद्घाटनाची पाटी. पाणी मात्र खांबांमधून खळखळत निघालेले, कारण फळ्या बसवलेल्याच नाहीत. कुठे आहेत म्हणून विचारले तर ठरलेल्या तीन उत्तरांपैकी एक मिळते: गोदामात आहेत, कुजल्या, किंवा कुणाच्या तरी चुलीत गेल्या.

हलगर्जीपणा म्हणून हात झटकता येतात. पण या रिकाम्या खोबणीचे मूळ सरकारी हिशेबाच्या वहीत आहे.

सरकारी खर्चाचे लेखाशीर्ष चार आकड्यांचे असते. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर खर्च महसुली, म्हणजे पगार, वीजबिल, दुरुस्ती, देखभाल. ४ किंवा ५ असेल तर भांडवली, म्हणजे नवे बांधकाम. लहान पाटबंधाऱ्यांचे महसुली शीर्ष २७०२, भांडवली ४७०२. पाणीपुरवठा आणि स्वच्छतेचे २२१५ आणि ४२१५. महसुली शीर्षात दोन हजार मिळवले की भांडवली शीर्ष तयार. अर्थसंकल्पाच्या मागण्यांच्या पुस्तकात हे जोडआकडे शेजारीशेजारी ठेवून वाचले, तर पाण्याबद्दलच्या बहुतेक भाषणांपेक्षा जास्त कळते.

बंधारा ४७०२मधून उभा राहतो. फळ्या बसवायच्या, काढायच्या, सुकवून ठेवायच्या, पाच-सहा वर्षांनी बदलायच्या, हे सगळे २७०२चे काम. पहिल्याला कर्ज मिळते, केंद्राची मदत मिळते, नारळ फोडायला पाहुणे मिळतात. दुसऱ्याला चार मजुरांची दोन दिवसांची मजुरी आणि ट्रॅक्टरभर चिकणमाती एवढेच लागते. तेवढ्यासाठी फाइल हलवायचा उत्साह कुणाला नसतो.

आधी बंधारा नीट समजून घेऊ, कारण पैसा कशाला मागायचा हे त्यावरच ठरते.

गोव्यातल्या ओहोळावरचा साधा बंधारा घ्या: पात्र १२ मीटर रुंद, फळ्यांची उंची दीड मीटर, तळाचा उतार ३००ला १. पाण्याचा फुगवटा मागे ४५० मीटरपर्यंत जातो. साठा पाचरीच्या आकाराचा, म्हणून गुणाकाराचा निम्मा: सुमारे ४,०५० घनमीटर, म्हणजे साडेचाळीस लाख लिटर. ऐकायला भरपूर. आता बाष्पीभवन धरा. दिवसाला ५ मिलिमीटर म्हटले तर ५,४०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज २७ घनमीटर पाणी उडते. १ डिसेंबर ते ३० एप्रिल हे दिवस १५१. पृष्ठभाग तेवढाच राहिला असे धरले तर ४,०७७ घनमीटर गेले, म्हणजे अख्खा साठा. कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, सावलीत आकडा बराच कमी होतो, पण मुद्दा तोच राहतो. बंधारा म्हणजे टाकी नव्हे. वरून येणारी धार अडवून तिची वाट लांबवणे आणि दोन्ही काठांची भूजलपातळी वर धरून ठेवणे, हे त्याचे काम.

म्हणूनच फळ्यांची तारीख महत्त्वाची. ओहोळ सेकंदाला १० लिटर वाहत असेल तर दिवसाला ८६४ घनमीटर येतात आणि बंधारा पाच दिवसांत भरतो. धार सेकंदाला १ लिटरवर आली की रोज जेमतेम ८६ घनमीटर. त्यातले २७ उडाले तर भरायला दोन महिन्यांहून जास्त लागतात, तेही कुठे गळती नसेल तर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसवलेल्या फळ्या आणि जानेवारीत बसवलेल्या त्याच फळ्या यांत सगळ्या हंगामाचा फरक पडतो. घाईही नको. ऑक्टोबरात परतीचा पाऊस एका रात्रीत ओहोळ भरून आणतो. त्या वेळी खोबणीत फळ्या असल्या तर पाणी काठ फोडून बगलेने वाट काढते, आणि मग बंधारा कोरडा उभा आणि ओहोळ शेजारून, असे विचित्र दृश्य दिसते.

फळीची जाडी हा असाच दुर्लक्षित तपशील. दीड मीटर पाण्याखाली तळाच्या फळीवर दर चौरस मीटरला दीड टन दाब असतो. गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, दोन मीटरचा असेल तर ५० मिमी जाडीची साधी लाकडी फळी ओली झाल्यावर वाकते, फटी पडतात आणि पाणी पिचकारीसारखे उडते. तिथे ७५ मिमी हवी. गाळा दीड मीटरचा ठेवला असता तर ५० मिमीवर भागले असते. अंदाजपत्रकात खांब कमी करून काँक्रीट वाचवतात आणि पुढची वीस वर्षे जड फळ्या उचलायला माणसे शोधतात. ७५ मिमी जाड, ३० सेंमी रुंद आणि दोन मीटर लांब भिजलेली फळी एकट्याला पेलत नाही. फायबरच्या फळ्या हलक्या असतात आणि चुलीतही जात नाहीत, पण त्यांची रबरी पट्टी उन्हात तडकते. पट्टीचा खर्च पुन्हा २७०२चाच.

फळ्यांची एकेरी रांग असेल तर वरच्या अंगाला चिकणमाती थापावी लागते. दुहेरी असेल तर दोन रांगांमध्ये चिकणमाती पायाने तुडवून भरायची. जांभ्याची तांबडी माती इथे चालत नाही, तिच्यातून पाणी वाहून जाते. शेतातली काळसर, बोटाला चिकटणारी माती लागते, आणि ती भरण्याआधी एक दिवस भिजवून ठेवावी लागते.

बंधारा खालून निकामी होतो तो वेगळ्या कारणाने. पाणी तळाखालून वाट शोधते, वाळूचे कण घेऊन बाहेर पडते, हळूहळू पोकळी होते आणि एका पावसाळ्यात फरशी खचते. यासाठी ब्लाय या अभियंत्याचा जुना नियम आहे: पाण्याच्या उंचीला मातीच्या गुणांकाने गुणायचे, तेवढी वाट पाण्याला तळाखालून चालायला लागली पाहिजे. भरड वाळूला गुणांक १२. दीड मीटर पाण्याला १८ मीटर. फरशी ८ मीटर लांब, वरच्या टोकाला जमिनीत अडीच मीटर खोल उतरवलेली आडभिंत, खालच्या टोकाला तेवढीच. आडभिंतीची खोली दुप्पट मोजतात, कारण पाणी खाली जाऊन पुन्हा वर येते. ८ अधिक ५ अधिक ५, झाले १८. आता खालची आडभिंत ‘खडक लागला’ म्हणून एका मीटरवर थांबवली की बेरीज १५वर येते. खडक खरोखर लागला असेल तर उत्तमच. पण काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्यात टेप धरून काढलेला फोटो कामाच्या नोंदवहीत आहे का, हे पंचायतीने जरूर मागावे. ओतल्यानंतर विचारून काही उपयोग नाही.

आता प्रश्न असा की बंधाऱ्यांवर एवढा भर का? घराघरात पुनर्भरणाचे खड्डे का खणू नयेत, दर पावसाळ्यात तर त्याचीच जाहिरात असते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर कौलारू छपरावर, वाया जाणारे सोडून, सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. पण जांभा स्पंजासारखा आहे, तो लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. बहुतेक ठिकाणी जुलैच्या मध्यापर्यंत विहिरी काठोकाठ आलेल्या असतात. भरलेल्या हंड्यात वरून ओतलेले पाणी जसे बाहेर सांडते, तसे ऑगस्टमध्ये पुनर्भरण खड्ड्यात सोडलेले पाणी दोन दिवसांत ओहोळाला मिळते. सोलापूर-मराठवाड्यासाठी काढलेले हे औषध इथल्या रोगावर चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी जिरत नाही ही अडचणच नाही. ऑक्टोबरनंतर ते जांभ्यातून भराभर निघून जाते, ही अडचण आहे. म्हणून पैसा मागायचा तो ऑक्टोबरनंतरच्या कामांना: बंधारे, तळ्यांचे गाळ काढणे, झरींची राखण, आणि सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, गवत-झाडोरा शाबूत ठेवणे. सड्यावरचा जांभा उकरून सपाट केला की खालची झर आटते, ती नंतर कुठल्याही निधीतून परत येत नाही.

पैसा कुठून येतो, तर वाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

नाबार्डचा ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी १९९५-९६पासून आहे. ते कर्ज राज्याला मिळते, पंचायतीला थेट नाही. जलस्रोत खाते अनेक बंधाऱ्यांचा गठ्ठा करून प्रस्ताव पाठवते. परतफेड सात वर्षांत, त्यातली पहिली दोन सवलतीची. देखभाल यात बसत नाही. तुमच्या गावाचा बंधारा गठ्ठ्यात घुसवायचा तर खात्याच्या उपविभागीय कार्यालयात पावसाळ्याआधीच कागद पोहोचायला हवा, सोबत एप्रिलमधल्या धारेचे मोजमाप हवे आणि जमीनमालकांची संमती हवी. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक जमीनसंस्थेची, असेल तर तिचा ना हरकत दाखला वेगळा, जंगलाची असेल तर वनखात्याचा वेगळा. बहुतेक प्रस्ताव पैशाअभावी मरत नाहीत, या दाखल्यांपाशी मरतात.

केंद्राचे पन्नास वर्षे मुदतीचे बिनव्याजी कर्ज २०२०-२१पासून सुरू झाले. हे भांडवली कामांसाठीच, आणि पैसा आर्थिक वर्षातच संपवायचा दबाव असतो. रस्त्याकडेने जलवाहिनी टाकायला ते ठीक. ओहोळातल्या कामाला मात्र जुळत नाही, कारण तिथे खरे काम जानेवारी ते एप्रिल चालते आणि ३१ मार्च मधोमध येतो.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झाले. केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा, माणशी रोज ५५ लिटरचे माप. ऑक्टोबर २०२०मध्ये गोवा ‘हर घर जल’ जाहीर झालेले देशातले पहिले राज्य ठरले. नळ पोहोचले हे खरेच. नळाला एप्रिलमध्ये किती तास पाणी येते, हा वेगळा रकाना आहे आणि तो त्या आकड्यात नव्हता. मिशनची मुदत २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८पर्यंत वाढवली, तेव्हा देखभालीचा उल्लेख ठळकपणे झाला. उशिरा का होईना.

खाणपट्ट्यातल्या गावांना आणखी एक पेटी आहे, तिच्याकडे लोक पाहतच नाहीत. २०१५च्या कायद्यानंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. जुन्या भाडेपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांना १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. पिण्याचे पाणी हा त्या निधीचा अग्रक्रमाचा विषय आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथे याचे कारण उघड आहे. खाण भूजलपातळीखाली गेली की तळ कोरडा ठेवायला चोवीस तास पंप चालतो, आणि शेजारच्या विहिरी खाणीच्या दिशेने रिकाम्या होतात. वरून धुपून आलेली माती ओहोळ भरते. म्हणजे विहिरी खोल करणे, ओहोळातला गाळ काढणे, झर सांभाळणे ही कामे त्या पैशावर हक्काने मागता येतात. ग्रामसभेचा ठराव आणि विहिरींच्या पातळीची दोन उन्हाळ्यांची नोंद सोबत असली की नाही म्हणणे कठीण जाते. नोंद ठेवायला दोरी, दगड आणि वही पुरते. महिन्याला एकदा, पंप चालू करण्याआधी, सकाळी मोजायचे.

पंचायतीच्या हातात थेट येणारा पैसा म्हणजे वित्त आयोगाचे अनुदान. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२६ या काळात त्याचे ६० टक्के बांधील होते: ३० टक्के पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के मोकळे. गोव्यात नळयोजना पंचायती चालवत नाहीत. आधी सार्वजनिक बांधकाम खाते चालवायचे, आता पेयजल खाते. त्यामुळे पाण्यासाठी बांधील पैशाचे काय करायचे हे पंचांना सुचत नाही आणि तो पैसा शेवटी गटारालगतच्या भिंतीला ‘पाण्याचे काम’ म्हणून लागतो. लेखापरीक्षणात तो आक्षेप हमखास येतो. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या संकेतस्थळावर काम कुठल्या विषयाखाली घातले आणि प्रत्यक्षात काय बांधले, हे आता जुळवून पाहिले जाते.

या बांधील पैशात बसणारी दोन कामे गोव्यात सगळ्यात मोलाची: सार्वजनिक विहीर आणि झर. दोन्ही कामे करताना बिघडवली जातात.

विहिरीचे आधी. जुन्या विहिरीचे चिरे चुन्याशिवाय, कोरडे रचलेले असतात, ते उगाच नव्हे. सांध्यांतूनच झिरपा आत येतो. ‘नूतनीकरण’ म्हणजे आतून तळापर्यंत सिमेंटचा गिलावा असे ठेकेदार समजतो. दिसायला विहीर नवी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात आटते. गिलावा फक्त वरच्या दोन-तीन मीटरला, तोही पृष्ठभागावरचे घाण पाणी आत उतरू नये म्हणून. त्याखाली हात लावायचा नाही, फक्त सुटलेले चिरे पुन्हा बसवायचे आणि मुळे काढायची. वर कठडा ७५ सेंटिमीटरचा तरी हवा, भोवती किमान मीटरभर रुंद फरशी, बाहेरच्या बाजूला उतार, आणि सांडलेले पाणी लांब माडाच्या आळ्यात नेणारी चर. फरशीला तडा गेला की पाण्यात काय येते ते जूनमध्ये डॉक्टरांकडे कळते.

गाळ काढायचा मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाणी सगळ्यात कमी असताना. नंतर क्लोरीन. नेहमीच्या वापरासाठी ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर पाणी १४ हजार लिटर, पावडर ३५ ग्रॅम. कोरडी पावडर टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन पाण्याखाली सोडायचे, ढवळायचे आणि तासभर कुणी पाणी भरायचे नाही. ही पावडर उघड्या पिशवीत आपल्या दमट हवेत दोन महिन्यांत निम्मी निकामी होते, म्हणून वर्षाचा साठा एकदम घेणे म्हणजे पैसे विहिरीत टाकणे, शब्दशः. लोह असलेल्या तांबूस पाण्यात क्लोरीन आधी लोहावरच खर्च होते. तिथे मात्रा चाचणी करूनच ठरवावी लागते.

झरीचे काम याहून नाजूक. झरीचा डोळा म्हणजे पाणी दगडातून बाहेर येते ती फट. तिच्यासमोर पेटी बांधताना बाहेर जाणारा पाइप डोळ्याच्या पातळीपेक्षा खाली हवा, आणि जादा पाणी बाहेर सोडणारा वरचा पाइपही डोळ्याच्या खालीच. पेटीतले पाणी डोळ्यावर चढले की मागे दाब बसतो आणि झर बाजूने दुसरी वाट काढते. एकदा तशी गेली की परत येत नाही. ‘जरा मोठी टाकी बांधू, पाणी जास्त साठेल’ या हौसेने गावोगावच्या झरी घालवल्या आहेत. साठवण पाहिजे तर ती खाली, वेगळी. डोळ्याभोवती काँक्रीट नको, धुतलेली खडी घालायची, वर चिकणमातीचा थर आणि डोंगराच्या अंगाला पावसाचे पाणी वळवणारी चर.

झरीचे माप एप्रिल-मेमध्येच घ्यायचे. पंधरा लिटरची बादली ५० सेकंदांत भरली तर सेकंदाला ०.३ लिटर, दिवसाला जवळपास २६ हजार लिटर. माणशी ५५ लिटरने ४७० माणसांचे पाणी. पंपाचे वीजबिल शून्य. ही ओळ प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवी.

इथे एक जुनी व्यवस्था आठवणे भाग आहे, कारण देखभालीच्या पैशाचा प्रश्न गोव्याने एकेकाळी सोडवला होता. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, बांधाला मानस असते: भरतीला आपोआप मिटणारे, ओहोटीला उघडणारे लाकडी दार. त्या दाराशी मासळी जमते. ती पकडायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि आलेला पैसा बांधाच्या डागडुजीला. म्हणजे भांडवल आणि देखभाल यांचा पैसा त्याच पाण्यातून निघायचा, कुणाकडे हात पसरायची गरज नव्हती. गावकरी आणि नंतर शेतकरी कुळांचे संघ ते बघत. बिनसले केव्हा, तर मासळीचा भाव भाताच्या पुढे गेला तेव्हा. पावणी घेणाऱ्याला दार उघडे ठेवणेच परवडू लागले, खारे पाणी आत आले, भात गेले, बांधाला खेकड्यांची भोके पडली. बांध फुटला की शेतासोबत आतल्या विहिरीही खाऱ्या होतात आणि त्या गावाला टँकर लागतो. तो टँकर पाणीपुरवठ्याच्या खात्यावर पडतो, बांध मात्र शेतीच्या. दोन खात्यांना एकमेकांचा खर्च दिसत नाही.

मोठ्या योजनांबद्दल थोडक्यात. साळावलीचे धरण सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरचे आणि दक्षिण गोव्याचा आधार. शेळपे येथील रोज १६० दशलक्ष लिटर क्षमतेच्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्राला आणखी १०० दशलक्ष लिटरची जोड मिळाली ती जपानच्या जायका कर्जातून, ज्याचा करार २००७चा. तिळारी धरण प्रकल्पात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७०. खर्च आणि पाणी दोन्हींत. पण कालवा दोडामार्गातून येतो आणि तो फुटला किंवा दुरुस्तीला बंद झाला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला आमठाण्याच्या धरणावर भागवावे लागते. म्हणजे बार्देशचे नळ दुसऱ्या राज्यातल्या कालव्याच्या देखभालीवर चालतात. ओपाच्या केंद्राला तर उन्हाळ्यात खांडेपार नदीची धारच आधार, ती घटली की खाणींच्या खंदकांतले पाणी नदीत सोडावे लागते. ऑगस्ट २०१९मध्ये खांडेपार-कुर्टी परिसरात मुख्य जलवाहिन्या फुटल्या तेव्हा ऐन पावसाळ्यात तिसवाडी आणि फोंडा कोरडे राहिले. पाणी भरपूर, वाट एकच. म्हादई नदीच्या पाणीवाटपासाठीच्या लवादाने २०१८ साली गोव्याला २४ टीएमसी दिले. एक टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २४ टीएमसी साळावलीच्या जवळपास तिप्पट. ते साठवायला काय बांधणार, आणि बांधलेले कुठल्या शीर्षाखाली सांभाळणार, हा प्रश्न निकालपत्रात नसतो.

गळतीचेही तसेच. गावातल्या उंच टाकीची परीक्षा फुकटात करता येते. घरांच्या टाक्या भरून झाल्यावर, रात्री दोनच्या सुमारास, टाकीत येणारे पाणी बंद करायचे, जाणारे चालू ठेवायचे, आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजायचे. टाकीचा व्यास ६ मीटर असेल आणि पातळी १० सेंटिमीटर उतरली, तर तासाला २.८ घनमीटर, दिवसाला ६८. माणशी ५५ लिटरने बाराशेहून जास्त लोकांचे पाणी जमिनीत चालले आहे. २०२१ साली महिना १६ हजार लिटर मोफत देण्याची योजना जाहीर झाली. चौघांच्या घराला ते माणशी १३३ लिटर होते, म्हणजे माप चुकीचे नव्हते. पण बिल शून्य झाले की ग्राहकाला आपले मीटर बंद पडल्याचे सांगायचे कारण उरत नाही आणि खात्याला २२१५मध्ये भरपाईसाठी तिजोरीकडे बघावे लागते. बंद मीटर आणि फुटकी वाहिनी यांतला फरक मग कागदावर कळत नाही.

राहिला कामाचा पंचांग. प्रशासकीय मंजुरी, खर्च मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, हा क्रम चुकत नाही. ओहोळातले काम डिसेंबरअखेर सुरू व्हायचे तर कार्यादेश नोव्हेंबरात हवा, निविदा सप्टेंबरात, मंजुऱ्या त्याआधी. म्हणजे गावाचा ठराव आदल्या जानेवारीच्या ग्रामसभेतला. ऑक्टोबरात ठराव करून त्याच उन्हाळ्यात बंधारा मागणारे गाव मार्चमध्ये घाईचे काँक्रीट मिळवते, आणि मे महिन्यातल्या पहिल्या वळवात त्याची परीक्षा होते.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मागायचे ते वेगळे. असलेल्या बंधाऱ्यासाठी एक पान: गाळे किती, फळ्या किती लागतात, चांगल्या किती उरल्या, चिकणमाती किती ट्रॅक्टर आणि कुणाच्या शेतातून, मजूर किती, बसवायची तारीख, मेअखेर काढायची तारीख, गोदामाची किल्ली कुणाकडे. रक्कम लहान असते, म्हणून खात्याकडून न आल्यास पंचायतीच्या मोकळ्या अनुदानातून करायची तरतूद त्याच ठरावात लिहून ठेवावी. फळ्या बसल्या की दुसऱ्या सकाळी वरच्या अंगाला काठी रोवून पाण्याशी खूण करायची. ओहोळाला धार असूनही तिसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली असेल, तर माती कमी पडली आहे. तळाच्या दोन फळ्यांपाशी बघा, बहुतेक वेळा तिथेच असते.